आधी त्रेचाळीस मैल, मग साडेचार हजार

मीनू आणि सुहास,

मीनूच्या शाळेतल्या बाईंनी वर्गातल्या प्रत्येकाला दोन लांबलांबचे विमानतळ दिले, त्यांच्यामधलं अंतर किती आणि जायला वेळ किती ते काढून आणायला सांगितलं, आणि मीनूच्या वाट्याला मुंबई आणि लंडन आलं, हे पत्रातून कळलं. पृथ्वीच्या गोलावर दोरा लावून तू साडेचार हजार मैल काढलेस, मीनू, ते अगदी बरोबर. वेळेचं गणित मात्र चुकलं आहे. “आजी सकाळी साडेसातला निघाली आणि दुपारी पावणेतीनला पोचली, म्हणजे सव्वासात तास,” असं तू लिहिलंस. ते तसं का नाही, ते पुढे येईल. पण नुसता आकडा लिहून पाकीट बंद करावं असं मला वाटेना. मी तो प्रवास केला आहे आणि तुम्ही दोघांनी अजून केलेला नाही. तेव्हा सुहास जन्मालाही आला नव्हता, आणि मीनू सहा वर्षांची होती. म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

मी का निघाले ते आधी सांगते. जानेवारीत तुमच्या आईला इस्पितळात यायला सांगितलं होतं, सोमवारी सकाळी. मीनूच्या वेळी तिला फार त्रास झाला होता, म्हणून या वेळी डॉक्टरांनी शस्त्रक्रियाच ठरवली होती, आणि दहा-बारा दिवस तिला तिथेच राहावं लागणार होतं. तुमच्या बाबांना कारखान्यातली पाळी सोडता येत नव्हती. तेव्हा मीनूला तेवढे दिवस तीन गल्ल्यांपलीकडच्या एका बाईंकडे ठेवायचं ठरलं. अडलेल्यांची मुलं सांभाळणं हेच त्यांचं काम. “बाई चांगल्या आहेत म्हणतात,” असं कुसुमने लिहिलं होतं. तुमची आई ‘म्हणतात’ हा शब्द केव्हा वापरते ते मला ठाऊक आहे. मी उलट टपाली लिहिलं: मीनूला कुठेही पाठवू नकोस. मी रविवारी पोचते.

शब्द देऊन झाला होता. रविवार सकाळचं विमान मिळालं. ते चुकलं असतं तर पुढची जागा आणखी एका आठवड्याने होती.

गुरुवार, चिखली

सामानाची यादी मी महिनाभर आधी केली होती. सव्वीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल आणि इंग्रजी शिकवलेल्या बाईला यादीशिवाय घराबाहेर पडता येत नाही. पासपोर्ट, तिकीट, देवीची लस टोचल्याची पिवळी पुस्तिका, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, ज्वारीचं पीठ, मेतकूट, काळा मसाला, तुमच्या आजोबांचा लोकरीचा कोट. एकेक वस्तू आत गेली की पुढे बरोबरची खूण.

त्यातली पिवळी पुस्तिका सर्वांत महत्त्वाची. आपल्याकडे देवीची साथ असायची, म्हणून तो दाखला नसेल तर विमानात बसू देत नसत, आणि नव्याने टोचून घ्यायचं तर पुन्हा आठ दिवस थांबावं लागेल असं मला सांगितलं होतं.

सगळं बांधून झालं आणि जिजी ओसरीवरून आत आल्या. जिजी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांनी पंचांग वाचून घेतलं होतं.

“काऊन वं, शुक्रवारी पश्चिमेले जाते का कोणी? दिशाशूळ हाय.”

“जिजी, तिकीट काढून झालं. इमान काही पंचांग पाहून उडत नाही,” मी म्हटलं. घरात माझीही बोली वऱ्हाडीच असते. शाळेतली भाषा शाळेत, आणि तुम्हाला कळावं म्हणून या पत्रात.

“इमानाले कोण सांगून राह्यलं? मी तुले सांगून राह्यली. आज प्रस्थान ठेव, अन् मंग जाय तुले जायचं तिकडं.”

प्रस्थान तुम्हाला माहीत नसणार. चांगल्या वेळेवर स्वतः निघता येत नसेल, तर आपल्याबरोबर जाणारी एखादी वस्तू सुपारी-तांदूळ-हळकुंडासह फडक्यात बांधायची आणि आदल्या दिवशीच, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायची. मग प्रवास चांगल्या वेळेवर सुरू झाला असं धरतात. दुसऱ्या दिवशी जाताना ते गाठोडं उचलायचं आणि पुढे व्हायचं. मला हे सगळं म्हणजे दिवसाच्या डोळ्यांत धूळ फेकणं वाटायचं. पण जिजींशी वाद घालण्यापेक्षा सुपारी बांधणं सोपं होतं.

मी सुपारी, तांदूळ, हळकुंड बांधायला घेतलं तर जिजींनी हात धरला. “अन् तुझ्यासंग जाणारं काय हाय याच्यात? नुसत्या सुपारीनं कोण फसते?”

ट्रंक कुलूप लावून बंद झाली होती. हातातली पिशवी तेवढी उघडी होती. मी त्यातली सर्वांत लहान आणि सपाट वस्तू काढली आणि लाल फडक्यात घातली, जिजींनी वर हळद-कुंकू वाहिलं. ती पिवळी पुस्तिका होती. यादीत तिच्यापुढे ‘ठेवली’ अशी खूण आधीच केलेली होती. ती खोडावी असं माझ्या मनात आलं नाही, कारण उद्या सकाळी ती परत पिशवीत येणारच होती.

आमच्या पश्चिमेला उस्मानभाईंचं घर. उस्मानभाई जिनिंग फॅक्टरीत फिटर. तीस वर्षांचा शेजार. त्यांच्या बायकोने, रबियाबींनी, ते गाठोडं दोन्ही हातांत घेतलं.

“खाली टेकवू नोको बरं, रबिया,” जिजी म्हणाल्या. “उद्या हे हिच्यासंगच निंघालं पाह्यजे.”

“नाही टेकवत, जिजी,” रबियाबी म्हणाल्या आणि त्यांनी ते उंच कोनाड्यात, धुतलेल्या रुमालावर ठेवलं.

शुक्रवार, मलकापूर

सकाळी दारात वीस-बावीस माणसं. कोणी ओटी भरतंय, कोणी हातावर दही घालतंय, कोणी लंडनमधल्या आपल्या भाच्याचा पत्ता माझ्या मुठीत कोंबतंय. आजोबांचे एक स्नेही जीप घेऊन आले आणि त्यांनी ती पुढच्या दारात, म्हणजे पूर्वेकडच्या गल्लीत उभी केली. मी यादी वाचली. सगळ्या खुणा जागच्या जागी. रबियाबी गर्दीत पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. त्यांना वाटलं, जिजींनी गाठोडं आणवून घेतलं असेल. जिजींना वाटलं, मी घेतलं असेल. मला काहीच वाटलं नाही. मी आणि मला मुंबईपर्यंत पोचवायला निघालेले तुमचे आजोबा, आम्ही पूर्वेच्या गल्लीतून स्टँडवर गेलो.

चिखली ते मलकापूर त्रेचाळीस मैल. त्याला आम्हाला पाच तास लागले, हे मीनूच्या बाईंना सांगायला हरकत नाही. बुलढाण्याला गाडी बदलायची. तिथे दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर जेवायला गेलेला. मग राजूरचा घाट. हा घाट मला फार आवडतो. बुलढाण्याची थंड हवा वर ठेवून गाडी वळणावळणाने खाली उतरते आणि समोर सगळा सपाट वऱ्हाड पसरलेला दिसतो. जानेवारी असल्याने पऱ्हाटीवर शेवटच्या वेचणीची बोंडं होती आणि तूर कापून ढीग घातलेले होते. मोताळ्याच्या अलीकडे चाक बसलं. आम्ही सगळे खाली उतरलो. शेतातल्या एका बाईने गोवऱ्यांवर हुरडा भाजायला घेतला होता. तिने विचारलं, “कुठं निंघाल्या, माय?”

“लंडनला.”

“ते कोन्या तालुक्यात येते?”

“दूर आहे,” मी म्हटलं.

“मंग पोटभर खाऊन घ्या,” असं म्हणून तिने माझ्या ओंजळीत गरम हुरडा ओतला. लंडनच्या वाटेवरचं पहिलं जेवण ते.

मलकापूर स्टेशनात आम्ही बाराच्या सुमारास पोचलो. मुंबईची गाडी दोन वाजता. बाकावर बसल्यावर मी सवयीने यादी पुन्हा काढली आणि या वेळी प्रत्येक वस्तूला हात लावत गेले. पासपोर्ट. तिकीट. पिवळी पुस्तिका...

माझा हात पिशवीतच राहिला. ती कुठे आहे हे मला त्याच क्षणी कळलं, त्यामुळे शोधण्याचाही प्रश्न नव्हता. ती चिखलीला उस्मानभाईंच्या कोनाड्यात, धुतलेल्या रुमालावर होती.

तुमचे आजोबा भजी घेऊन आले. माझा चेहरा पाहून म्हणाले, “काय झालं वं? मिरची लागली का न खाताच?”

मी सांगितलं. त्यांनी भज्यांचा कागद पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, “शाळेतल्या पोरींले हे सांगू नोको.”

आम्ही पोस्टात गेलो. जिनच्या कचेरीत टेलिफोन होता, उस्मानभाईंना तिथे गाठता आलं असतं. मी ट्रंक कॉल लावला. काचेआडचे कारकून फार भले गृहस्थ होते. दर दहा मिनिटांनी ते मान हलवायचे. “बुलढाण्यापर्यंत लागते, बाई. पुढं अडकून राह्यली लाइन.” दीड वाजला तरी तेच. मी बाकावर बसून गणित करत होते. शब्द रविवारचा. मीनूला सोमवारी सकाळी बाईंकडे नेणार. पुस्तिका त्रेचाळीस मैल मागे.

दोनची गाडी वेळेवर आली, आणि तशी ती कधीच येत नसे.

आजोबांनी ट्रंक उचलली. “चाल. मुंबईले गेल्यावर पाहू. डॉक्टराच्या हातापाया पडू. चिठ्ठी आणू.”

“नाही,” मी म्हटलं. “पुस्तिका इथे यायची असली तर चिखलीहून येईल. मुंबईला कोण पाठवणार आणि कुणाच्या हाती? संध्याकाळी सहाला दुसरी गाडी आहे. ती सकाळी पोचवते. तोवर मी इथून हलत नाही. फोन लागला नाही तर तुम्ही एसटीने परत चिखलीला जायचं आणि उद्याच्या गाडीने यायचं.”

“उद्या रात्री निंघून परवा सकाळी इमान? पोचतं कोण?”

“मग पुस्तिका आजच आली पाहिजे.”

गाडी पाच मिनिटं थांबली. डब्यातल्या एका गुजराती बाईंनी खिडकीतून “आवो ने, जग्या छे,” असं म्हणून सरकून जागाही केली. मी मान हलवली. गाडी गेली. आयुष्यात मी समोरची गाडी जाणूनबुजून सोडली, ती एवढीच. तुमचे आजोबा माझ्याशी अर्धा तास बोलले नाहीत, आणि थंड झालेली भजी त्यांनी एकट्याने संपवली.

साडेतीनच्या सुमारास मी पुन्हा पोस्टाकडे निघाले. वाटेत मालधक्का लागतो. तिथे रुईच्या गाठींनी लादलेला एक ट्रक येऊन उभा होता. आमच्या भागातला कापूस गाठी बांधून मलकापूरलाच आगगाडीत चढतो. ट्रकच्या वर, गाठींच्या वर, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झालेले उस्मानभाई बसलेले होते. त्यांच्या दोन्ही हातांत, छातीशी धरलेलं, लाल फडक्यातलं गाठोडं.

“बाई!” ते वरूनच ओरडले. “गाडी गेली नाही ना तुमची?”

“गेली. मी गेले नाही.”

ते खाली उतरले. गाठोडं जमिनीला लागू नये म्हणून ते आधी ड्रायव्हरच्या हातात दिलं, मग उडी मारली, मग परत घेतलं. मी हात पुढे केले आणि म्हटलं, “उस्मानभाई, तुम्हाला फोन मिळाला तर!”

“कोनता फोन?”

“मग तुम्ही आलात कसे?”

“अवो, रबिया नऊ वाजता कोनाडा झाडाले गेली तं हे तिथंच. माझ्याकडं जिनात पळतच आली. रडून राह्यली होती. म्हणे, जिजीनं सांगतलं होतं, बाईसंगच निंघालं पाह्यजे. आता बाई चालल्या समुद्रापार, अन् त्याहीचं प्रस्थान आपल्या घरात अडकलं. काही झालं तं? अमानत हाय, म्हणे. मुकादमाले सांगतलं, गाठीचा ट्रक मलकापूरले जाऊन राह्यला, मी जातो. केबिनमंदी जागा नव्हती. घाटात जीव मुठीत धरला, बाई. हे गाठोडं धरू का ट्रक धरू?”

“आणि ह्यात काय आहे माहीत होतं?” मी विचारलं.

“मले काय माहीत? तांदूळ असन, सुपारी असन. आमी कायले सोडून पाहू?”

मीनू, सुहास, हे नीट वाचा. ते दाखल्यासाठी आले नव्हते. दाखला आत आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. आपल्या धर्मात नसलेल्या एका रीतीसाठी, मूठभर तांदूळ आणि एका सुपारीसाठी, तो माणूस अर्ध्या दिवसाचं काम टाकून गाठींवर बसून घाट उतरला होता, कारण ती वस्तू त्याच्या घरी विश्वासाने ठेवलेली होती. आणि ती ठेवताना मी मनात हसले होते.

मी फडकं सोडून पिवळी पुस्तिका त्यांना दाखवली आणि तिच्याशिवाय काय झालं असतं तेही सांगितलं. उस्मानभाईंनी डोक्यावरची रुई झटकली. “मंजे जिजीचं खरं निंघालं म्हणा ना!”

“जिजींमुळेच ती तिकडे राहिली,” मी म्हटलं.

“अन् जिजीमुळंच आली,” ते म्हणाले. “तुमी मास्तरीणबाई असून सोताचं पुस्तक शेजाऱ्याच्या घरी विसरता, तं पोरी काय शिकल्या असतीन?”

तुमच्या आजोबांचा राग तिथे संपला. त्यांनी उस्मानभाईंना मिठी मारली आणि दोघंही पांढरे झाले. मग तिघांनी स्टेशनासमोर चहा घेतला, पुन्हा गरम भजी घेतली, आणि सहाची गाडी आली तेव्हा उस्मानभाईंनी गाठोडं स्वतः माझ्या हातात दिलं. “आता निंघालं प्रस्थान,” ते म्हणाले. मी त्यातली सुपारीसुद्धा काढली नाही.

रविवार, हवेत

आगगाडीतल्या रात्रीबद्दल आणि मुंबईतल्या शनिवारबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कागद तपासले गेले, शिक्के बसले. सांताक्रूझला सामान वजनात थोडं जास्त भरलं, तेव्हा मी आजोबांचा कोट ट्रंकेतून काढून पातळावर चढवला आणि त्याच्या खिशांत मेतकुटाच्या पुड्या घातल्या. वजन बरोबर झालं. आजोबा कठड्यापाशी उभे होते. “माझ्यापेक्षा तुले शोभते,” एवढंच म्हणाले आणि मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

सकाळी साडेसातला विमान उडालं. मला भीती वाटेल असं सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं. राजूरच्या घाटात एसटीत मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला विमानाची भीती वाटण्याचं कारण नाही. पहिल्यांदा समुद्र निळा दिसला, मग नुसताच उजेड. दोन-तीन तासांनी खाली वाळवंट आलं, पिवळसर, वाऱ्याने रेघा मारलेलं. कुठे झाड नाही, गाव नाही. वऱ्हाडातल्या उन्हाळ्याला मी कधीतरी ओसाड म्हटलं असेल. तो शब्द मी तिथे परत घेतला.

माझ्या शेजारी जालंधरकडच्या एक बाई होत्या, मुलाकडे निघालेल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि माझं हिंदी आमच्या बाजारातलं, पण दोघींचं चांगलं जमलं. दुपारच्या ताटात उकडलेल्या भाज्या आल्या, मीठसुद्धा न लागलेल्या. त्यांनी एक घास घेऊन माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूट डबा काढला. दशम्या आणि मिरचीचा ठेचा. त्यांनी पावाच्या तुकड्याला ठेचा लावून खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं. “बहनजी, जान में जान आ गई!” पलीकडच्या ओळीतले एक साहेब वासाने वळून पाहू लागले. मी त्यांनाही विचारलं. त्यांनी सुईच्या अग्राएवढा घेतला आणि पुढचा तासभर पाणी पीत होते. पण उतरताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला, म्हणजे राग नव्हता.

विमान बैरूतला आणि रोमला उतरलं. त्यानंतर खाली बर्फाचे डोंगर आले. जिनच्या अंगणात कापसाचे ढीग पडलेले असतात तसे, असं मी वहीत लिहिलं आणि खोडलं. कापूस उबदार असतो. हे कशासारखंच नव्हतं.

आता तुझं गणित, मीनू. मी घड्याळाचे काटे हलवले नव्हते. ते चिखलीची वेळ दाखवत होतं. आम्ही पश्चिमेकडे, सूर्याच्या मागोमाग चाललो होतो, त्यामुळे सकाळ संपता संपत नव्हती आणि दुपार लांबत होती. लंडनला चाकं टेकली तेव्हा तिथल्या भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते आणि माझ्या मनगटावर रात्रीचे सव्वाआठ. जानेवारीत तुमची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणून साडेसात ते सव्वाआठ, असे पावणेतेरा तास. त्यातले दोन तास विमान मधल्या दोन ठिकाणी उभं होतं. हवेतला वेळ पावणेअकरा तास. हे वहीत लिही. बाईंनी विचारलं तर सांग, की आजीने घड्याळ हातात घालून मोजलं आहे.

उतरल्यावर पासपोर्टच्या आधी आरोग्य अधिकाऱ्यांनी पिवळी पुस्तिका मागितली. त्यांनी ती उघडली. पहिल्या पानावर हळदी-कुंकवाचा डाग पडला होता आणि शिवणीत तांदळाचे दोन दाणे अडकले होते.

“हे रक्त आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून लावतात,” मी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं.

“झाला का?”

“शेवटचे साडेचार हजार मैल उत्तम झाले,” मी म्हटलं.

ते हसले, दाणे तसेच ठेवून पुस्तिका परत दिली. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल. जकातीच्या माणसाला डिंकाचे लाडू समजावून सांगायला मात्र दहा मिनिटं लागली. झाडाचा डिंक तुपात तळून बाळंतीण खाते, हे त्यांना खरं वाटेना. शेवटी मी एक लाडू त्यांच्यासमोर स्वतः खाऊन दाखवला.

सोमवार, तुमच्या घरी

रविवारी संध्याकाळी घरी पोचले तेव्हा, मीनू, तू जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होतीस. मी हाक मारली तर तू उठून आत गेलीस. फोटोतल्या आजीने आजोबांचा कोट घातलेला नव्हता, हे मान्य आहे. कुसुम रडली, मी तिला लाडू दिला, तुमच्या बाबांनी चहा केला, आणि संध्याकाळभर तू दाराच्या फटीतून माझ्याकडे पाहत होतीस.

“तिचा विश्वास नाही, आई,” कुसुम हळूच म्हणाली. “मी तिला चारदा सांगितलं, आजी येणार आहे, तुला कुठे जायचं नाही. पण तिची आपली तयारी झालेली आहे.”

कसली तयारी ते मला सोमवारी सकाळी दिसलं. बाबा आईला घेऊन इस्पितळात गेले. दार बंद झालं. मी वळले, तर तू दारापाशी उभी होतीस, निळा कोट घालून, सगळी बटणं लावून, पायात बूट, हातात एक लहानशी चौकोनी पेटी. ती तू स्वतः भरली होतीस. तू रडत नव्हतीस. कोणीतरी न्यायला येणार, तेव्हा उशीर होऊ नये, एवढंच तुझ्या चेहऱ्यावर होतं.

मी तुझ्यापुढे जमिनीवर बसले. म्हटलं, “मीनू, कुणी येणार नाही. जे यायचं होतं ते आलं. मी.”

“किती दिवस?” तू विचारलंस. माझ्याशी मराठीतून बोललेलं तुझं ते पहिलं वाक्य.

“तुझी आई घरी येऊन जिना चढायला लागेपर्यंत. आणि त्यानंतर आणखी तीन महिने.”

तू थोडा विचार केलास. मग पेटी तिथेच, पायपुसण्यावर उघडलीस. झोपायचा झगा काढलास आणि वर नेऊन ठेवलास. परत आलीस. एक हात नसलेली बाहुली नेलीस. परत आलीस. चित्रांचं पुस्तक, मग दोन मोजे, एकेक करून. प्रत्येक वस्तूला एक खेप. मी मदत केली नाही. दात घासायचा ब्रश तू शेवटी नेलास आणि न्हाणीघरातल्या पेल्यात माझ्या ब्रशाशेजारी उभा केलास. रिकामी पेटी पलंगाखाली सरकवलीस.

कोट मात्र अंगावर ठेवलास. सकाळभर तू तो घालूनच माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरलीस, आणि रस्त्यावर मोटार थांबली की दाराकडे पाहायचीस. मी त्याबद्दल काही बोलले नाही. वरण-भात केला, वर तूप, बाजूला मेतकूट. ताट वाढलं. दोन घास खाल्ल्यावर तुझ्या कपाळावर घाम आला. तू चमचा खाली ठेवलास, एकेक बटण सोडून कोट काढलास, खुर्चीवर चढून आजोबांच्या कोटाशेजारच्या खुंटीवर अडकवलास, आणि परत येऊन म्हणालीस, “आजी, अजून भात.”